लॅपटॉपचा दसरा

बीबी गावच्या शेषरावांच्या घरी दसरा काढायचा म्हटला की चमच्यापासून गोधडीपर्यंत कुणाची सुटका नसते. घट बसायच्या आधी सगळं घर अंगणात येतं. डबे राखेनं घासले जातात, गोधड्या धुऊन कुडावर पसरतात, आणि चार वर्षं कुणी हात न लावलेली पितळी परातसुद्धा उन्हात डोळे मिचकावत पडलेली दिसते. या सगळ्यावर शेषरावांच्या बायकोचा, आशाबाईंचा, हुकूम चालतो. घरात जुनं-पानं राहिलं तर देवीचा पाय आत पडत नाही, असं त्यांचं मत, आणि ते त्या मोठ्यानं सांगतात. त्या सगळंच मोठ्यानं सांगतात. घराला लागून चक्की आहे. सून यायच्या आधीपासून आशाबाई चक्कीच्या पट्ट्याच्या घरघरीत उभ्या राहिल्या. चक्कीनं गावाला पीठ दिलं आणि आशाबाईंचे कान घेतले.

सून सारिका घरी बसून शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देते. तिच्या लॅपटॉपवर बरेच दिवस एक सूचना येत होती, की ही सिस्टीम आता जुनी झाली, हिचा सांभाळ बंद होणार, नवी टाकून घ्या. दसऱ्याच्या साफसफाईतच तिनं ती टाकली. पडद्यावरचं चक्र जात्यासारखं फिरत राहिलं आणि दुपारपर्यंत नवी सिस्टीम आली. मग लॅपटॉपनं विचारलं, जुन्या सिस्टीमचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आहे, परत जायचं झालं तर उपयोगी पडेल. पण जागा फार अडते, काढून टाकू का? सारिकाच्या हाताला राखेचा वास होता. अंगणात सगळं घर उलटं पडलं होतं. अशा दिवशी जुनं काढू का म्हणून विचारल्यावर नाही कोण म्हणेल? तिनं हो म्हटलं.

"लॅपटॉपचा बी दसरा काढला मी," तिनं डिंपलला फोनवर सांगितलं. डिंपल म्हणजे तिची मैत्रीण, बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवणारी.

"राखेनं घासला नाही ना बाप्पा?" डिंपल म्हणाली, आणि दोघी हसल्या.

काय गेलं ते दसऱ्याच्या दिवशी कळलं.

आशाबाईंचा धाकटा भाऊ गोविंदा सुरतेला असतो. कापडाच्या लूमवर कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षांमागं त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात राहिला, आणि आवाज असा झाला की जणू कुणी भिंतीपलीकडून कुजबुजावं. बसनं यायचं तेव्हापासून संपलं. सणासुदीला त्याची मुलगी रेणुका व्हिडिओ कॉल लावून देते. इकडे बहिणीचा कान जाड, तिकडे भावाचा आवाज बारीक. मोबाइलवर दोघांचं काही जुळेना. सरकारी शिबिरात मिळालेलं कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं म्हणून आशाबाईंनी ते कुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं होतं, तेही दरसाल दसऱ्याला पुसलं जाई.

जुळवलं ते लॅपटॉपनं. कंपनीनं आधीपासूनच आत घालून दिलेला आवाजाचा एक प्रोग्राम होता. त्यात उभ्या पट्ट्यांची रांग होती; कुठला आवाज वर उचलायचा, कुठला दाबायचा, ते त्या पट्ट्या सरकवून ठरवता येई. सारिकानं एका दुपारी सासूला शेजारी बसवून त्या लावल्या होत्या. पट्टी सरकली की आशाबाई हवेत अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत. चक्कीखालचं पीठ त्या तसंच पारखतात. "जाड पडून राह्यलं," त्या म्हणत. "आता रवा झाला. आणखीन बारीक कर. हां, आता भाकरीचं पडलं." भाकरीचं पीठ पडलं तिथं सारिका थांबली, आणि सासूला ती ज्या नावानं हाक मारते तेच नाव तिनं त्या मांडणीला दिलं, 'आत्याबाई'. लग्न होऊन आल्यापासून सासू-सुना कामाशिवाय बसल्या अशी ती एकच दुपार होती.

तर दसऱ्याला गोविंदाचा कॉल आला. आशाबाई नवं पातळ नेसून लॅपटॉपसमोर बसल्या.

"बाई, गुडघा कसा हाये तुहा?" गोविंदानं विचारलं.

"हाव," आशाबाई म्हणाल्या.

"डॉक्टरले दाखवला का?"

"तू बी जेवून घे."

 गोविंदानं सोनं लुटल्याचं विचारलं, सोयाबीनचं विचारलं. आशाबाई प्रत्येक वेळी मान हलवून "हाव, हाव" म्हणत राहिल्या, आणि शेवटी तो काही विचारत असतानाच "बरं, ठेवते" म्हणून उठल्या. सारिका दारात आपट्याची पानं घेऊन उभी होती. ती लॅपटॉपपाशी गेली आणि प्रोग्राम शोधू लागली. जिथं तो असायचा तिथं काही नव्हतं.

संध्याकाळी रेणुकाचा मेसेज आला. 'वहिनी, आत्या रागावल्या का? बाबा जेवले नाहीत.'

सारिकानं तो सासूला वाचून दाखवला. कानाशी तोंड नेऊन, जोरात. आशाबाई बराच वेळ वातीला पीळ देत राहिल्या.

"भाऊबीजेले फोन नको लावू," त्या म्हणाल्या. "लाइन नाही म्हणून सांग. तोंड पाहून मान हलवाले मी काय नंदीबैल हाओ?"

"आणते मी तो आवाज परत."

"कुठून आणशीन? तूच टाकला ना बाहेर."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते सारिकाला कळलं नाही. बहुतेक शेषरावांनी. ते ओट्यावर तंबाखू मळत बसले होते आणि फारच लक्षपूर्वक रस्त्याकडे पाहत होते.

दसरा आणि भाऊबीज यांच्या मधले दिवस सारिकाचे असे गेले. सकाळी प्रश्नपत्रिका, दुपारी फराळाचं, आणि मधल्या फटीत लॅपटॉप. प्रोग्रामचं नाव तिला आठवत होतं. तो नेटवर मिळाला, उतरलाही. उघडला तर म्हणाला, या यंत्राशी माझं जमत नाही. ज्या यंत्रात तो जन्मापासून राहत होता, त्यालाच तो ओळख दाखवेना. ती लॅपटॉप पिशवीत घालून डिंपलकडे गेली.

"मांगं जाता आलं असतं," डिंपल म्हणाली. "नवीन टाकल्यावर काही दिवस मुभा असते. पण ते जुनं गाठोडं लागते त्याले."

"ते मी फेकलं."

"दसरा काढला ना तू." मग तिनं चहा सांगितला. "पाय, तू नुस्ती गाडी आणून उभी केली. तिचा ड्रायव्हर कुठं हाये? नव्या सिस्टीमनं आपला एक साधा ड्रायव्हर बसवला. त्याले आवाज काढता येते, पट्ट्या नाही सरकवता येत. कंपनीच्या साइटवर जा. लॅपटॉपच्या पोटावर मॉडेल लिहिलं असन, ते टाक, अन् आवाजाचा जुना ड्रायव्हर उतरव. नवा नको घेऊ. जुनाच."

सारिकानं जुनाच घेतला. लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि प्रोग्राम आपल्या जागी येऊन बसला. तिनं आनंदानं देवापुढं साखर ठेवली. वसुबारसेला लॅपटॉप पुन्हा उघडला तर तो नाहीसा झालेला.

"आता गं?" तिनं फोन लावला.

"नेट चालू होतं?"

"हाव."

"मंग त्यानं तुही नजर चुकवून आपला नवा ड्रायव्हर आणून बसवला. त्याले वाटते तू चुकली. आधी नेट बंद कर. मंग जुना टाक. अन् सेटिंगमंधी जाऊन त्याले दम दे, का आपल्या मनानं काही आणू नको म्हणा."

आपल्या मनानं काही आणू नको, हे सारिकानं या घरात बऱ्याचदा ऐकलं होतं. आज तिनं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. पाडव्याच्या दुपारी प्रोग्राम आला. तिनं लॅपटॉप बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, चालू केला. प्रोग्राम राहिला.

तिनं तो उघडला. सगळ्या पट्ट्या अगदी मध्यावर, एका रेषेत उभ्या होत्या, शाळेत नव्यानं आलेल्या पोरांसारख्या. नावांच्या यादीत 'आत्याबाई' नव्हतं.

भाऊबिजेला दिवस चांगला उघडला होता. आशाबाईंनी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पाटावर लॅपटॉप ठेवला. हे त्या दोन वर्षं करत आल्या होत्या. ताटात निरांजन होतं, सुपारी होती, करदोडा होता. पण तोंड उतरलेलं होतं, आणि ताट हातात न घेता त्यांनी ते बाजूला सरकवून ठेवलं.

"ऐकू नाही आलं तं लगेच बंद करजो," त्या म्हणाल्या.

रेणुकानं तिकडून गोविंदाला पडद्यासमोर बसवलं. डोक्यावर टोपी, कपाळ मोकळं. त्यानं काही म्हटलं. आशाबाईंनी सारिकाकडे पाहिलं.

"मामा, बोलत राहा," सारिका म्हणाली. "मी आवाज लावते. काहीही बोला."

गोविंदाला काहीही बोलता आलं नाही. माणसाला काहीही बोल म्हटलं की त्याला काही सुचत नाही. मग त्यानं जातं ओढताना त्यांची आई म्हणायची ती ओवी धरली. सुरात नाही, नुसती सावकाश, शब्द उचलून उचलून ठेवल्यासारखी:

*भाऊ बहिणीच्या दारी, दिवे लागणीच्या वेळी,*
*ऊन भाकर तिच्या हाती, जशी चांदण्याची पोळी.*

सारिकानं पहिली पट्टी खाली ओढली. आशाबाईंचा अंगठा बोटावर फिरू लागला.

"जाड," त्या म्हणाल्या. "कण्या पडून राह्यल्या."

दुसरी पट्टी खाली. शेवटाकडच्या दोन वर. गोविंदानं ओवी पुन्हा म्हटली.

"आता येते. आता आलं ऐकू." आशाबाईंच्या ओठांवर ओवीचे शब्द हलत होते. "चांदण्याची पोळी म्हणते तो. झालं, राहू दे."

सारिकानं पट्टीवरचा हात काढला. तिला बरं वाटलं, पण थोडाच वेळ. कारण गोविंदा मध्येच खोकला, ओवी अर्धीच राहिली, आणि आशाबाईंचे ओठ मात्र शेवटपर्यंत गेले. त्या ऐकत नव्हत्या. ती ओवी त्यांच्या अंगातच होती; भावाचं तोंड हललं की ती आतून आपोआप पडत होती. लॅपटॉप मुका असता तरी त्यांना ती ऐकू आली असती.

सारिकानं मोबाइल घेतला आणि रेणुकाला लिहिलं, 'मामाले सांगा, ओवीचा शेवट बदलून म्हणा. आत्याबाईले समजू देऊ नका.'

पडद्यावर रेणुका बापाच्या कानाशी वाकली. गोविंदाच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी जागची हलली नाही. त्यानं नव्यानं सुरुवात केली:

*भाऊ बहिणीच्या दारी, दिवे लागणीच्या वेळी,*
*ऊन भाकर तिच्या हाती, एका अंगानं हो काळी.*

आशाबाईंनी मान डोलावली. "हाव. येते ना ऐकू."

 सारिकानं शेवटची पट्टी आणखी वर नेली. गोविंदानं तीच ओवी म्हटली. आशाबाईंनी मान डोलावली. तिनं मधली थोडी दाबली. आशाबाई म्हणाल्या, आता पीठ बरं पडते, पण मान तशीच डोलावली. निरांजनातलं तूप निम्म्यावर आलं. गोविंदाला धाप लागत होती, रेणुका त्याला पाणी पाजत होती, आणि तो पुन्हा पहिल्यापासून धरत होता. आशाबाईंचं बोट अंगठ्यावर फिरत होतं. रवा. बारीक रवा. भाकरीचं म्हणायचं, पण अजून थोडं भरड.

सारिकाला वाटलं, दोन वर्षांत कानही तेच राहिले नसतील. जुनी मांडणी हाती लागली असती तरी ती आज पुरली नसती. तिनं शेवटच्या तीन पट्ट्या जातील तितक्या वर ढकलल्या.

*ऊन भाकर तिच्या हाती,* गोविंदा म्हणाला, *एका अंगानं हो काळी.*

आशाबाईंचं बोट थांबलं. ओठ 'चांदण्या'पाशी उघडे राहिले.

"काय म्हणून राह्यला रे तू?"

गोविंदानं सगळा जोर लावून पुन्हा म्हटलं. "काळी."

"काळी? माही भाकर काळी?" आशाबाई पाटाकडे सरकल्या. "बेशरमा, माय असं कधी म्हणे का? शाळेतून आला का चुलीपुढं बसून उतरंडीतलं तूप कोण चाटे? मी का तू? तव्हा नव्हती करपत माही भाकर?"

"तव्हा भूक होती बाई."

"हाव, अन् आता सुरतेचा शेठ झाला!"

"गुडघा कसा हाये तुहा?"

"कशाचा गुडघा! खिळे ठोकल्यावानी दुखते. दाखवला डॉक्टरले, गोळ्या देल्या, उपयोग काही नाही. तू मले आधी सांग, त्या हाताले मालीश कोण करते? रेणुका करते का? का नुस्ती मोबाइलच पाहाते?"

"करते वं आत्या!" तिकडून रेणुका ओरडली.

"तुले नाही विचारलं, मी त्याले विचारलं."

सारिकानं मांडणी जतन केली. नाव विचारलं तेव्हा तिनं पुन्हा 'आत्याबाई' लिहिलं, आणि या वेळी मोबाइलनं पट्ट्यांचा फोटोही काढून ठेवला. आशाबाईंनी ताट उचललं. निरांजन लॅपटॉपपुढून ओवाळताना त्यांनी हात जरा लांब धरला, कारण मागल्या साली ज्योतीनं पडद्याची कड तापली होती. कुंकवाचं बोट पडद्याला टेकणार, तेवढ्यात सारिका म्हणाली "हवेतच", आणि त्यांनी हवेतच गोविंदाच्या कपाळासमोर टिळा लावला. तिकडे रेणुकानं त्याच वेळी खरा लावला.

गोविंदा दमला होता तरी कॉल लवकर संपला नाही. सोयाबीन झालं, चक्कीचा नवा पट्टा झाला, मेलेली-जितली सगळी माणसं विचारून झाली. शेषराव ओट्यावरून आत येऊन एकदा "राम राम" करून गेले.

मग पडदा काळा झाला. आशाबाईंनी निरांजन देवापाशी नेऊन ठेवलं. परत येऊन पाटाशी उभ्या राहिल्या.

"सारिका."

"जी."

"करपते का वं माही भाकर?"

सारिका लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. "कधी कधी," ती हळूच म्हणाली.

आशाबाई तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. सारिका लॅपटॉपमध्ये नव्हती.

"हाव," त्या म्हणाल्या, आणि पाट उचलायला वाकल्या.