पासपोर्टातलं वय

"वय?" काउंटरमागच्या हम्मादने विचारलं.

"फोर्टी नाइन," हे म्हणाले. इतकं सहज, की मीच पर्समध्ये रुमाल शोधायची थांबले.

बाहेर फेब्रुवारीतही लोक चपला घालून हिंडत होते आणि आम्ही दुबईतल्या बर्फाच्या सामानाच्या दुकानात उभे होतो. काउंटरवर दोन बाइंडिंग्ज होती. बाइंडिंग म्हणजे बुटाला स्कीशी धरून ठेवणारी पकड, एवढं तोवर मलाही कळायला लागलं होतं. आमच्या घरात गेले कित्येक आठवडे दुसरा विषयच नव्हता ना! सिन्नरकडच्या खेड्यात वाढलेला माझा नवरा मॉलमधल्या बर्फावर स्की शिकला आणि आता ऑफिसातल्या पोरांबरोबर जॉर्जियाला निघाला होता. तिथे लिफ्ट नाही. डोंगर आपल्या पायांनी चढायचा, टाच मोकळी ठेवून, स्की ओढत ओढत. वर पोचलं की टाच अडकवायची आणि खाली यायचं. चढताना दर पावलाला ती पकड उचलावी लागते, म्हणून ती हलकी हवी, असं यांचं म्हणणं.

त्यासाठी यांनी घरून बॅगा तोलायचा लटकता काटा आणला होता. भारतात जाताना चिवड्याच्या पाकिटावरून आमची ज्याच्यावर भांडणं होतात, तोच. दोन्ही बाइंडिंग्ज यांनी आलटूनपालटून त्याला टांगली. शेजारचं रशियन जोडपं बघत राहिलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

हलकं होतं ते अगदीच फुलासारखं. निनादने, म्हणजे त्या पोरांच्या म्होरक्याने, तेच घेतलं होतं. पण त्याची पकड कारखान्यात ठरलेली, ती कमी करता येत नाही. दुसरं थोडं जड, पण त्याला स्क्रू होता. वजन, उंची, वय सांगायचं, त्यावरून आकडा लावायचा. माणूस पडला, पाय पिळला, की पकड आपणहून सुटते.

मला ती सुटणारी पकड हवी होती. दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना यांचा गुडघा गेला होता. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, पुन्हा पिळला तर टॉवरच्या साइटवर चढणं-उतरणं विसरा. आणि साइट गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा. त्यात आमच्या लेकीचं, शुभ्राचं, बारावीचं वर्ष. मी हे सगळं रोज मनात घोळवायचे आणि वरून चेष्टा करत राहायचे.

"अगं, चढताना मीच मागे राहिलो तर?" यांनी हळूच विचारलं होतं. "सगळी पोरं तिशीतली आहेत."

"राहा मागे. मागून फोटो काढा त्यांचे."

कसंबसं स्क्रूवालं घ्यायला तयार केलं, तर आता हे वय.

"एक्कावन्न," मी म्हणाले.

हम्मादने मान वर केली. हे इंग्रजीत म्हणाले, "पासपोर्टवर फोर्टी नाइन आहे. एमिरेट्स आयडीवर पण तेच आहे."

"पासपोर्टच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाही झालेलं," मी म्हणाले.

तोवर आमच्याशी हिंदीत बोलणारा हम्माद एकदम मराठीत म्हणाला, "एक जून का, वहिनी?"

मला हसूच फुटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"आम्ही राजापूरचे. आमच्या अब्बांची पण एक जून, दोन्ही चाचांची पण एक जून. मास्तरांनी एका दमात सगळा वर्ग जन्माला घातला."

यांच्या वडिलांनी तर मास्तरांना सांगून वर दोन वर्षं कमी लिहून घेतली होती, पोराला नोकरी दोन वर्षं जास्त मिळेल म्हणून. तेव्हापासून हे त्या कागदातल्या वयाने जगत आले. मुलगी बघायला आले तेव्हाही तेच वय सांगितलं. खरं मला सासूबाईंनी सांगितलं, तेही लग्नानंतर.

"सर, पन्नाशीनंतर तक्ता बदलतो," हम्माद म्हणाला. "आकडा एक घर खाली. पाय लवकर सुटतो." आणि त्याने स्क्रू फिरवला. यांनी बूट घालून जोर लावून पाहिला आणि कार्ड पुढे केलं.

गाडी शेख झायेद रोडवरून घराकडे निघाली. घराजवळ, जेएलटीच्या वळणावर, हे म्हणाले, "सगळ्यांसमोर म्हातारं केलंस मला."

मागून शुभ्रा म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज सो मीन." आणि लगेच, "बट बाबा, टू इयर्स इज नथिंग, रिअली."

"तुला नथिंग असेल," हे म्हणाले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे बाल्कनीत बसले होते. मांडीवर स्की, हातात स्क्रूड्रायव्हर. मला बघून यांनी तो बाजूला ठेवला.

"काय करताय?"

"काही नाही. बघतोय."

मी भांडणार होते. पण मागून यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसले आणि माझा सगळा राग ओसरला. "हे बघा," मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलात तरी मला चालेल. मला तुम्ही परत हवे आहात. बाकी तुमचं तुम्ही बघा." आणि मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. यांनी स्क्रू फिरवून पकड पुन्हा घट्ट केली की नाही, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं यांनी, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग ते दिवस. ऑफिसात एक्सेलच्या चौकटी बघायचे आणि डोळ्यांपुढे तो स्क्रू. डोंगरात रेंज नव्हती. आणि एका दुपारी, कुठेतरी क्षणभर रेंज मिळाली असावी, निनादचा मेसेज आला, 'सर फेल टुडे. डोन्ट वरी. सी यू ॲट एअरपोर्ट.' डोन्ट वरी म्हणे. मी फोन लावत राहिले, तो लागेना. पडले म्हणजे किती पडले? चालत येणार आहेत की व्हीलचेअरवर? देवासमोर बसले तर स्तोत्रही आठवेना.

एअरपोर्टवर दार उघडत होतं, मिटत होतं. पोरं बाहेर आली, उन्हाने काळवंडलेली. आणि त्यांच्या मागून, सगळ्यांच्या शेवटी, माझा नवरा. चालत. दोन्ही पायांवर, अजिबात न लंगडता. मी तिथेच कठड्याला टेकून रडले. लाजबीज काही वाटली नाही.

"अगं, मला काही झालेलं नाही," हे ओशाळून म्हणाले.

यांच्या खांद्यावरची लांब पिशवी अर्धी रिकामी होती. मी चाचपून पाहिलं. "दुसरी स्की कुठाय?"

"दरीत गेली. बर्फाखाली दगड होता, स्की अडकली आणि मी असा गर्रकन पिळलो. वाटलं, गेला गुडघा. तर खट्‌ आवाज झाला आणि पाय मोकळा. स्की एकटीच सरळ खाली गेली. मी बसून बघत होतो."

"मग खाली कसे आलात?"

"एका स्कीवर. काही वेळ बसून, काही वेळ चालत. पोरं थांबली माझ्यासाठी."

पार्किंगपर्यंत मी धीर धरला. मग राहवेना. "तो स्क्रू?"

"नाही फिरवला." यांनी पिशवी गाडीत आडवी ठेवली. "लावला होता स्क्रूड्रायव्हर. मग आई आठवली. ती सांगायची, मी झालो तेव्हा दादा मला घ्यायला धावत आले, तर त्यांच्या हाताला बैलाच्या शिंगांचा रंग तसाच होता. माझ्या दुपट्याला लागला. पोळ्याचा दुसरा दिवस ना."

दादा म्हणजे माझे सासरे. हे मला सासूबाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. एक जूनला ऑफिसात यांचा केक कापतात, आम्ही घरी श्रीखंड करतो, वर्षानुवर्षं.

हे गाडीत बसले. पट्टा लावला, गुडघा एकदा चोळला.

"मोबाइल आहे ना हातात?" म्हणाले. "या वर्षी पोळा कधी आहे, बघ जरा."