वेल्सकडून खेळलेली कावेरी

कावेरी घरी आली ती उजवा हात गळ्यात अडकवूनच. १९८७ सालचा मे महिना होता. कोकणातल्या वालावलच्या घरी तिच्या आईने, माईने, तिला पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून ती उभी राहिली.

"पडलंस खंय?"

"खेळताना, माई."

कावेरी कार्डिफच्या इस्पितळात नर्स होती. मुंबईत शिकली आणि तिथून वेल्सला गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. शाळेत असताना ती कुडाळच्या मैदानावर कबड्डी खेळायची. तिने एकदा घोटा पकडला की चढाई करणारी मुलगी सुटत नसे. कार्डिफला सोबतच्या एका नर्सने तिला बायकांचा रग्बीचा सामना पाहायला नेलं. त्या दिवशी एक खेळाडू कमी होती, म्हणून हिलाच उतरवलं. नियम ठाऊक नव्हते. चेंडू घेऊन धावत येणाऱ्या बाईच्या पायांवर हिने झेप घेतली आणि तिला चिखलात आडवी केली. पुढच्या आठवड्यात त्या बायका तिला न्यायला दारात हजर!

मग तेच आयुष्य झालं. रात्रपाळी संपली की दोन तास झोप, संध्याकाळी गोठवणाऱ्या थंडीत सराव, आणि पुन्हा पाळी. रोग्यांना उचलताना पाठ भरून यायची. कधी कधी बसमध्ये तिला झोप लागे आणि उतरायचं राहून जाई. असं करत करत ती वेल्सच्या संघात आली. तिथल्या बायकांचा देशाचा संघ तेव्हा पहिल्यांदाच उभा राहत होता. सामना इंग्लंडशी. शेवटी शेवटी तिघी एकदम अंगावर पडल्या आणि तिचा खांदा निखळला.

घरी आल्यावर ती नुसती झोपत होती. जेवायला उठवलं तर उठे, चार घास खाऊन पुन्हा आडवी होई. केस विंचरायला हात वर जात नव्हता, म्हणून माईच वेणी घालायची.

तिचे वडील सदानंद मास्तर मात्र आनंदात होते. त्यांनी शाळेत सत्कार ठरवला.

"बाबा, माका नको," कावेरी म्हणाली. "मी दमलंय."

"गो, दोन शब्द बोलूचे. पोरांका बरा वाटतला."

शाल, नारळ, टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी तिला बोलायला सांगितलं. ती उभी राहिली. समोर मुली अगदी टक लावून बघत होत्या.

"आम्ही हरलो," ती म्हणाली. "खूप हरलो. मी किती वेळा पडले ते आठवत नाही. उठायचं म्हणून उठत होते. खेळ मला आवडतो. पण सध्या मी फार थकले आहे."

एवढं बोलून ती खाली बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना.

परतताना बापलेक चालतच निघाली. देवळाजवळ आल्यावर मास्तर म्हणाले, "हरल्याचा कित्याक सांगलंस?"

"खरा ता सांगलंय."

मास्तर चार पावलं पुढे गेले आणि थांबले. त्यांच्या लक्षात आलं, ती आल्यापासून आपण सामन्याचंच विचारतोय.

"खांदो दुखता काय गो?"

"रातचो लय दुखता, बाबा."

"आणि परत खेळाक बोलवतले?"

"बोलवतले. पण माका अजून कळना नाय, जावचा की नाय."

मास्तरांनी तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल काढून आपल्या हातात घेतली. "मगे आता झोप. कोण येवंदे, मी सांगतंय, चेडू झोपलासा."

पुढचे दिवस ते पडवीत बसून येणाऱ्यांना, पोर झोपलीय असं सांगून, खरोखरच परत पाठवत राहिले.

सुट्टी संपल्यावर कावेरी गेली. खांदा बरा व्हायला थंडी उजाडली. त्यानंतर ती वेल्सकडून आणखी दोन सामने खेळली. दोन्ही वेळा संघ हरला. मग तिने स्वतःहून देशाचा संघ सोडला आणि रविवारी झोप झाल्यावर, मन झालं तरच, मैदानावर जाऊ लागली.