हरिश्चंद्राचा होकार

दाजींनी दोन्ही तळव्यांना खोबरेल चोळलं, कोयत्याच्या पात्यालाही थोडं लावलं आणि फणसावर पहिला घाव घातला. नेमक्या त्याच वेळी माजघरातल्या टीव्हीवरची बाई म्हणाली की तिढा सुटला, दिल्लीत सरकार बनणार. फणस अर्धवट उघडलेला, चीक गळायला लागलेला. दाजी तसेच कोयता धरून उंबऱ्यापर्यंत आले.

"गो, आवाज वाढव जरा."

त्यांच्या बायकोने, सुगंधाने, आवाज वाढवला. निकाल लागल्यापासून त्या घरात टीव्हीला विश्रांती नव्हती. दाजींच्या पक्षाला सगळ्यांत जास्त जागा मिळाल्या होत्या, पण बहुमताची वेस काही ओलांडता आली नव्हती. उरलेल्या जागा कोण देणार, यावर देशभर काथ्याकूट चालला होता, आणि शेवटी ज्या पक्षाने हात दिला तो होता दाजींच्या जुन्या मित्राचा, हरिश्चंद्राचा. पडद्यावर दोन्ही पुढारी एकमेकांना लाडू भरवत होते. प्रचारात यांनी एकमेकांचे आजे-पणजे काढले होते. आता लाडू कोणाचा मोठा, एवढाच वाद उरल्यासारखं दिसत होतं.

"झाला मगे," सुगंधा म्हणाली. "थंय ते गळ्यात गळो घालून बसले. हय तुमी दोघांनीच कित्याक तोंडां फिरवून बसाचा?"

दाजी मागे वळले. अंगणात येऊन त्यांनी फणसाचे सरळ दोन भाग केले. हंगामातल्या पहिल्या कापा फणसाचा अर्धा भाग दरवर्षी हरिश्चंद्राकडे जायचा. यंदा तो जाईल की नाही, हे त्यांनी मनाशीही ठरवलेलं नव्हतं.

भांडणाची हकिगत गावाला पाठ होती. दाजी गावचे मानकरी. उत्सवाच्या शेवटी सगळा गाव देवळात जमला की देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. हात जोडून गावाच्या वतीने देवाशी सरळ बोलायचं: बा देवा म्हाराजा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, पोराबाळांक सुखी ठेव, पीकपाणी बरा येवंदे. प्रत्येक मागण्याला गावाने एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हा होकार पहिला उचलायचा तो हरिश्चंद्राने. हायस्कुलात मराठी शिकवण्यात हयात घालवलेला माणूस. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणाऱ्याने दचकून उठावं. त्याचा 'व्हय' सुटला की गावाचा 'म्हाराजा' आपोआप मागून यायचा.

यंदा चैत्रातल्या उत्सवापर्यंत निवडणूक तोंडावर आली होती आणि दाजींच्या अंगात प्रचार शिरला होता. गाऱ्हाणं रंगात आलं. आंब्या-काजूचं मागून झालं, आजारी-पाजाऱ्यांचं झालं, मुंबईकर चाकरमान्यांचं झालं, आणि त्याच लयीत, श्वासही न घेता दाजी बोलून गेले, "आनी म्हाराजा, दिल्लीक आमच्याच पक्षाचा राज येवंदे, आनी जो कोण आडवो येयत तेका उताणो पाड म्हाराजा." हरिश्चंद्र दुसऱ्या पक्षाचा, तोही हाडाचा. पण जन्माच्या सवयीने त्याने छाती भरून घेतली आणि देऊळ दणाणून सोडलं, "व्हय म्हाराजा!"

लक्षात आलं तोवर शब्द देवाच्या कानी पडला होता. आपल्याच पक्षाच्या पराभवाला गावात सगळ्यांत मोठ्याने होकार देणारा माणूस म्हणून हरिश्चंद्राची ख्याती दुसऱ्या दिवशी बाजारापर्यंत पोचली. भाजी घ्यायला गेला तर कोणीतरी मागून हळूच म्हणे, 'काय गुरुजी, व्हय म्हाराजा?' त्यानंतर हरिश्चंद्र ना देवळात आला, ना संध्याकाळी दाजींच्या दुकानाच्या फळीवर बसायला.

पहिले काही दिवस दाजीही हसले. गिऱ्हाइकाला साखर बांधून देताना त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितलासुद्धा. मग हसू ओसरलं आणि संध्याकाळ खायला उठू लागली. चहा तोच होता, फळी तीच होती, गिऱ्हाईकही येत होतं. पण दाजींचं बोलणं खोडून काढणारं माणूस नव्हतं, आणि खोडून काढलं नाही तर आपलं बोलणं आपल्यालाच बेचव लागतं, हे त्यांना म्हातारपणी कळत होतं. दोघांच्या बायकांचं, सुगंधाचं आणि लीलाचं, येणं-जाणं मात्र थांबलं नव्हतं. ते परसदाराने चालू होतं, आणि नवऱ्यांना ते ठाऊक नाही अशी दोघींची समजूत होती.

मतदानाच्या आदल्या दुपारी दाजी एकटेच देवळात गेले. गुरव सभामंडपात आडवा झाला होता. दाजींनी हात जोडले आणि गाऱ्हाणं उलटं घातलं: म्हाराजा, शब्द माजो होतो, हरीचो नाय. तेचो होकार धरू नको. बोलून ते सवयीने थांबले, पण होकार द्यायला देवळात कोणी नव्हतं. शेवटी त्यांनीच बारीक आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून घेतलं. ते काही खरं वाटलं नाही, तरी देवाच्या कानावर घातलं म्हणून त्यांना जरा हलकं वाटलं होतं.

आता त्यांनी तेलाने चीक काढून हात धुतले, अर्धा फणस केळीच्या पानात बांधला आणि पिशवी उचलली.

"इलंयच," ते सुगंधाला म्हणाले.

"सावकाश येवा," ती म्हणाली आणि टीव्ही बंद केला. बातम्यांचं तिचं काम झालं होतं.

तिठ्यावर रिक्षा लावून भाई बसला होता. त्याच्याभोवती दोघं-तिघं उभी होती आणि दिल्लीचं सरकार तिथे एव्हाना दोनदा बनून दोनदा पडलं होतं. पिशवीतून डोकावणारे काटे भाईने बरोबर हेरले.

"दाजीनू, बोलणी करूक चललात वाटता."

"फणस देवक चललंय."

"ताच ता. माका इचारश्यात तर झाला ता बरा झाला. एकट्याच्या हातात दिला की हात सैल सुटता. दोघां आसली की एकमेकांक धरून रवतत."

"पाच वर्सा टिकात?" बाजूच्या एकाने विचारलं.

"टिकात. भांडत भांडत टिकात. माज्या घरात टिकला नाय?"

सगळे हसले. दाजीही हसले आणि पुढे चालू लागले. लोक खुशीत होते, याचं त्यांना बरं वाटलं. कोणाचाच पक्ष पुरता हरला नव्हता, त्यामुळे कोणाला तोंड लपवायची पाळी आली नव्हती. वाटेत त्यांनी पहिलं वाक्य मनात घोळवून घेतलं: अभिनंदन हरी, तुमी-आमी एकच झालो. वाक्य चांगलं होतं. त्यात माफी नव्हती, पण माफीच्या जवळपासचं काहीतरी होतं, असं त्यांना वाटलं.

हरिश्चंद्र ओटीवर बसला होता. समोर सुपात कोकमं होती, आणि तो ती एकेक फोडून बिया काढत होता. बोटं लालभडक झाली होती. दाजींना कुंपणाच्या बेड्यातून आत येताना त्याने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवून पुढचं कोकम उचललं.

लीला दारात आली. "दाजीनू, येवा. बसा." तिने पिशवी हातातून घेतली, आत डोकावून पाहिलं. "कापो मा? बरो आसा." आणि ती लगबगीने आत गेली. गेली म्हणजे दाराआड गेली.

दाजी कट्ट्यावर टेकले. घसा साफ केला.

"अभिनंदन हरी. तुमी-आमी एकच झालो."

"कोण एक झालो?"

"म्हंजे दिल्लीत..."

"ता दिल्लीतला," हरिश्चंद्र सुपातून नजर न उचलता म्हणाला. "सा म्हयन्यान मोडला तर? मगे तू खयच्या वाटेन येतलस?"

इथवर येताना दाजींनी सरकार टिकेल की नाही याचा भरपूर विचार केला होता, पण तो असा केला नव्हता. समोर कोकमाची बी टपकन सुपाबाहेर पडली. हरिश्चंद्राने ती उचलली नाही.

"तसा नाय रे," दाजी म्हणाले. "सरकाराचा निमित्त. मी आदीच... देवाक सांगून इलंय मी. मतदानाच्या आदी. शब्द माजो, हरीचो नाय, असा साफ सांगलंय."

"म्हायती आसा."

"तुका?"

"गुरवान दुसऱ्याच दिवशी येवन सांगल्यान. एकट्यानच म्हणत होतस, तुजो तूच व्हय म्हणत होतस, सगळा सांगल्यान."

दाजींच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग राग आला. म्हणजे इतके दिवस याला सगळं माहीत होतं, आणि आपण फळीवर एकटे बसून रस्त्याकडे डोळे लावत होतो.

"म्हायती होता तर इलस कित्याक नाय?"

हरिश्चंद्राने सूप बाजूला सारलं. लाल झालेले हात गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि पहिल्यांदा सरळ दाजींकडे पाहिलं. वर्गात उभं राहून बोलायचा तो आवाज त्याने काढलाच नाही. खालच्या सुरात म्हणाला,

"देवाक सांगलंस, बरा केलंस. माका कोण सांगतलो, दाजी?"

सगळ्या गावासमोर, पालखीसमोर, ढोलताशांच्या दणदणाटातही ज्यांचा शब्द कधी अडला नाही, त्या दाजींना इथे ओटीवर, सुपाएवढ्या अंतरावर बसलेल्या माणसाशी बोलता येईना. देवापुढे हात जोडले की पुढचं आपोआप येतं. इथे हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं. बोटांच्या बेचक्यांत राहिलेला चीक ते नखाने काढत राहिले. फणस दिला, देवाला सांगितलं, अभिनंदन केलं. सगळं करून झालं होतं, फक्त एक करायचं राहिलं होतं, आणि तेच सोपं असायला हवं होतं.

"माजा चुकला, हरी," शेवटी ते म्हणाले. "तुज्या तोंडातसून मी ता काडूक नको होता. गाव हसलो, तेच्याबरोबर मी पण हसलंय. दुकानात बसान लोकांक सांगलंय. तेची माका लाज वाटता."

माडांत वारा शिरला होता आणि झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. हरिश्चंद्राने मघाशी बाहेर पडलेली ती बी उचलून सुपात टाकली.

"हसण्यासारखाच होता ता," तो म्हणाला. "माकाय त्या राती हसाक इला. आथरुणात. लीलाक इचार, ती घाबारली. पण एकट्यान कितक्या हसतलंय? सांगाक तू नाय."

दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण चिकाचे हात डोळ्यांना लावायचे नसतात. हरिश्चंद्राने शहाण्यासारखं तिकडे दुर्लक्ष केलं आणि खांद्यावरचा पंचा त्यांच्या मांडीवर टाकला.

लीला ताटलीत गरे घेऊन आली. तिचे डोळेही काही कोरडे नव्हते, पण ती गऱ्यांबद्दलच बोलली. "गोड आसत. बियो काडून ठेवतंय, भाजयेक होतत." ताटली दोघांच्या मधोमध ठेवून ती परत आत गेली, या वेळी खरोखरच स्वयंपाकघरापर्यंत, आणि तिथून तिने सुगंधाला फोन लावला की दाजींची जेवायला वाट बघू नको, तूच इकडे ये.

हरिश्चंद्राने एक गरा उचलला, चावला, मान डोलावली.

"आता एक सांग," तो म्हणाला. "रेल्वे खाता आमका गावतला काय नाय?"

"रेल्वे?" दाजी पंचाने हात पुसता पुसता थांबले. "मूठभर खासदार तुमचे आनी रेल्वे व्हयी?"

"मूठभर? त्या मुठीनच तुमका खुर्चेर बसवल्यान."

"बसवल्यान म्हंजे? जनतेन बसवल्यान."

"जनतेन तुमका दाराकडे नेवन सोडल्यान. आत आमी घेतला."

"हरी, तू मास्तर होतस, म्हणान कायय बोलशीत?"

"तू वाणी आसस, म्हणान रेल्वे पण किलोवर जोखून देशीत?"

आवाज चढत गेले. आधी ओटीपुरते होते, मग अंगणभर झाले, आणि हरिश्चंद्राने 'घटना काय सांगता' अशी सुरुवात केली तेव्हा तर रस्त्यापलीकडच्या घरातली कुत्री उठून बसली. दाजींनी कट्ट्यावर हात आपटला. हरिश्चंद्राने सूप उलटवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दाजींना सणसणीत भूक लागली होती, आणि ती लागल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डोक्यावर भाजीची पाटी घेऊन जाणारी सावित्री बेड्यापाशी थबकली. दोन्ही घरांचं बिनसल्याचं तिला ठाऊक होतं. आता हातघाईवर आलं की काय, म्हणून ती पाटी सावरत आत बघू लागली. लीला विहिरीवरून कळशी घेऊन येत होती.

"गो लीला, काय झाला? परत भांडण?"

लीलाने कळशी कमरेवर नीट घेतली, ओटीकडे एकदा बघितलं.

"नाय गो," ती म्हणाली. "सरकार चालू झाला."