पाठ नसलेला भाग

सुनेला टीव्ही बघायला वेळ नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक म्हणायचे, घरी बसून मजा मारते. मजा कसली डोंबलाची! ती अल्टरेशनची कामं घ्यायची. कुणाची पँट लांब, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं, कुणी स्वतः चारी बाजूंनी सुटलेलं आणि वर तोंड करून सांगणार की कापडच आटलं. सुईवरून नजर हलली की बोट गेलंच म्हणून समजा. त्यामुळे ती मालिका ऐकायची आणि बघायचे ते सासरे.

मालिका मूळची सासऱ्यांची. ब्रिटिश, अंतराळातली, आणि अशी चिवट की विचारू नका. सासरे दुकानांच्या पाट्या रंगवायला शिकत होते तेव्हा ती सुरू झाली. त्यांनी ब्रश खाली ठेवला, सासूबाई गेल्या, तरी हिचं आपलं चालूच. एक गंजकं टपालजहाज या ग्रहावरून त्या ग्रहावर पत्रं पोचवत हिंडतं. कॅप्टन म्हातारा झाला की टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो आणि गोष्ट पुढे सरकते. जुन्या भागांत भिंती पुठ्ठ्याच्या, राक्षस रबराचे. जहाज फुटायच्या बेतात असलं तरी ही मंडळी आधी एकमेकांना 'माफ करा' म्हणणार, चहा ओतणार आणि मग पळणार.

आधी सून वैतागायची. "बाबा, आवाज कमी करा हो, डोकं उठलं माझं." पण एका दुपारी त्या कॅप्टनच्या हाती त्याच्या स्वतःच्याच आईचं पत्र आलं. पत्र दुसऱ्या कुणासाठी होतं. गड्याने ते उघडलं नाही, नुसतं हुंगलं आणि पुढे पोचवलं. हे सासऱ्यांनी सांगितलं आणि हिची तुरपाई जागच्या जागी थांबली. झालं! दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बाबा, पहिल्यापासून लावा. मला सगळी गाठायचीय."

मग रोजचंच झालं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, तो संध्याकाळपर्यंत काही फिरकायचा नाही. जेवणं आटोपली की ती मशीनवर बसायची, टीव्ही पाठीमागे. संवाद कानावर पडायचे, ते थांबले की ही विचारायची, "आता काय दिसतंय, बाबा?"

आणि बाबा सांगायचे. काय सांगायचे म्हणून सांगू! पाट्या रंगवणाऱ्याचा डोळा तो. नुसतं आभाळ लाल आहे असं नाही म्हणायचे. "वीट ओली झाल्यावर होते ना, तसं लाल. आणि खाली कॅप्टन, टोपी काखेत, एका बुटाची नाडी सुटलेली." एकेक सीझन मागे पडत गेला. रबराचे राक्षस संपले, चांगले राक्षस आले, आणि शेवटी या वर्षीचा नवा सीझन गाठला. हा बाबांनीही बघितलेला नव्हता. सुनेला तर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

त्या दुपारी जाडजूड जाकिटाला चेन लावताना सुई मोडली. सुयांची डबी टीव्हीशेजारच्या फळीवर. ती उठली, वळली. मागे सासऱ्यांचं सांगणं चालूच होतं.

"जंगल आहे गं. उंच झाडं, शेवाळी. नवी कॅप्टन एकटी उभी आहे, धुक्यात."

पडद्यावर पांढरी खोली होती. लांबलचक टेबलाभोवती माणसं मुकाट्याने जेवत होती. झाड औषधालाही नव्हतं.

तिला वाटलं, थट्टा चाललीय. हसणारच होती. पण सासऱ्यांचा चेहरा गंभीर होता, आणि तो टीव्हीकडे नव्हता, जरा बाजूला, फळीकडे होता. पेपर का सोडला त्यांनी? म्हणे रोज तेच ते. चहाच्या कपात बोट बुडवून बघतात ते का? परवा काळ्याकुट्ट कोटाला 'छान रंग' म्हणाले ते? अगं बाई! म्हणजे जुने भाग सगळे पाठ होते त्यांना. ते सांगत होते ते डोळे शाबूत असताना बघितलेलं. हाच एक सीझन तेवढा पाठ नव्हता.

तिने टीव्ही खाडकन बंद केला.

"बाबा, केव्हापासून दिसत नाही तुम्हाला?"

सासरे मांडीवरचा रिमोट चाचपू लागले.

"अहो, गॅस पेटवता तुम्ही! मी बाजारात गेले की दूध तापवता! भाजला असतात म्हणजे? कुणाच्या तोंडाकडे बघायचं मी?" ती ओरडत होती, आणि ओरडता ओरडता रडत होती.

"थोरल्याला सांगू नकोस," सासरे एवढंच म्हणाले.

थोरले दीर दुसऱ्या शहरात. मनाने लाख माणूस. बाबा न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा धावत आले होते आणि बजावून गेले होते, की आता आणखी काही झालं तर मी यांना घेऊन जाणार. त्यांचं घर उंच इमारतीत, दिवसभर सगळे बाहेर.

"इथे दाराची कडी, जिन्याचा कठडा, सगळं माझ्या हाताला ठाऊक आहे," सासरे म्हणाले. "तिथे गेलो की मी खराखुरा आंधळा होईन गं. तुझ्यावर भार टाकायचा नव्हता. आपणहून जातो म्हणायला हवं होतं मी. जीभच रेटेना."

दुसऱ्याच दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याला उजेड-अंधार तेवढा कळत होता. तो तरी टिकावा म्हणून रोज थेंब घालायचे. नवऱ्याला सांगितलं तर त्याने सवयीप्रमाणे डोकं खाजवलं. "दादाला आज ना उद्या कळणारच," म्हणाला, आणि फोन काही केला नाही.

सुट्टीच्या दिवशी दादाच दारात हजर. हातात फळांची पिशवी. नवरा नेमका एका अडकलेल्या लिफ्टपायी बाहेर. दादा बापाशेजारी टेकले. टीव्ही चालू होता.

"काय बाबा, अजून ही मालिका? हे मागे काय जळतंय?"

सून मशीनवरूनच घाईघाईने म्हणाली, "इंजिन असेल, नाही का हो बाबा? धूर येतोय ना मागून?"

"तुला गं काय माहीत? तू तर टीव्हीकडे पाठ करून बसलीयेस."

"मी... काल बघितला हा भाग."

"तिला कशाला खोटं बोलायला लावतोस?" सासरे म्हणाले. "मला दिसत नाही रे."

दादांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी खिशातून फोन काढला. "बॅग भरा. उद्याच निघू." आणि सुनेकडे वळून, "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि लपवलंस? अगं, दिवसभर तुझं काम, त्यात दिसत नसलेलं माणूस. झेपणार आहे का तुला? कशासाठी हा उपद्व्याप?"

तिने कात्री खाली ठेवली.

"दादा, तुम्ही त्यांना फुलासारखं जपाल, मला का माहीत नाही? पण मी या खोलीत दिवसभर कुणाशी बोलू? हे संध्याकाळी येतात ते लिफ्टच्या तारांचं सांगत झोपतात. या घरात आल्यापासून माझ्यासाठी इतकं कुणी सांगत बसलं नाही. अख्खं जंगल उभं केलं त्यांनी, माझं ऐकणं थांबू नये म्हणून. झेपतंय म्हणून नाही ठेवून घेत मी. मला ते हवेत, दादा. माझ्यासाठी हवेत."

टीव्हीवर काहीतरी मोठ्याने फुटलं आणि कुणीतरी अतिशय नम्रपणे माफी मागितली. दादांनी फोन खिशात घातला, पुन्हा काढला, पुन्हा घातला.

"ते थेंब," फळीवरची डोळ्यांच्या औषधाची बाटली उचलत ते म्हणाले, "कधी घालायचे असतात?"

सासरे उठले. इतके महिने भिंतीला हात लागला तरी तो सहज लागला असं दाखवणारा माणूस. आज त्यांनी लेकासमोर दोन्ही हात पुढे केले आणि चाचपत निघाले. वाटेतली खुर्ची पाडली, टाचण्यांची डबी उडवली, आणि थांबले नाहीत. दादा धरायला उठले तर सुनेने मानेनेच नको म्हटलं.

"कुठे आहेस गं?"

"इथेच आहे, बाबा," ती म्हणाली. "या."