दुसरं वाक्य

मसुदा पहिला

"आमच्या तलावात पोहायला आलेल्या मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पाण्यात क्लोरीन जास्त पडलं होतं. चूक आमची आहे. ती झाकायचा प्रयत्न झाला, ही चूकही आमचीच. आम्ही माफी मागतो."

हे धाकटीने लिहिलं, आणि यातलं काहीही घडलेलं नव्हतं. निदान धाकटीला तरी तसंच वाटत होतं.

पोहायचा तलाव तिच्या दादाचा. वर छप्पर, खाली निळ्या फरशीचं पाणी, दाराशी काउंटर; आणि जिना चढून गेलं की घर, दादाचं, वहिनीचं नि तिचं. काउंटरवर बसून ती लॉकरच्या किल्ल्या द्यायची, हरवलेल्या टोप्या शोधून द्यायची, आणि मधल्या वेळात कानात तारा खुपसून जनसंपर्काचा कोर्स करायची. कॉलेज ऑनलाइन. वर्ग म्हणजे पडद्यावरचे चौकोन. निम्मे काळे, एकात कोणाचं तरी मूल रडतंय, एकात नुसतं छत.

"लोकांशी बोलायला शिकायला कॉलेज लागतं?" वहिनी विचारायची. "माझ्या आईने मला फुकटात शिकवलं. गप्प बसायला."

"बोलणाऱ्याची बोरं विकली जातात वहिनी. न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात."

"विक बाई बोरं. आधी ते टॉवेल वाळत घाल."

तर मॅडमनी काम दिलं होतं ते असं: जी संस्था तुम्हाला आतून माहीत आहे ती घ्या, तिच्यावर एक संकट कल्पा, आणि पहिल्याच दिवशी लोकांना काय सांगाल ते लिहा. दुसऱ्यांनी बँका घेतल्या, विमान कंपन्या घेतल्या. धाकटीला आतून माहीत होता तो तलाव. तिने तो घेतला. नावासकट. नाव बदलायचं असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या घराचं नाव कोण बदलून लिहितो?

मॅडमचा शेरा: "इतकं खरं वाटलं की अंगावर काटा आला. नमुना उत्तर म्हणून लावते आहे."

धाकटी खुर्चीतच उडी मारणार होती. मॅडमनी ते लावलं कुठे, तर कॉलेजच्या पानावर. ते पान कोणालाही उघडता येत होतं.

*

पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून:

हे खरं आहे का?

तलावाचंच नाव आहे. माफी पण मागितलीय.

माझ्या मुलाचे डोळे लाल असतात हो पोहून आल्यावर!

सगळ्यांच्याच मुलांचे असतात.

म्हणजे सगळ्यांनाच झालंय!!

*

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. धाकटीने मॅडमना फोन लावला.

"काढते, लगेच काढते," मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "पण एक सांगू? अशी संधी कोणाला मिळत नाही. खरंखुरं संकट. शेवटचा प्रकल्प यावरच कर."

दादा काउंटरपाशी येऊन उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो कुजबुजला.

"तुला हे कोणी सांगितलं?"

"काय?"

"हे. क्लोरीनचं."

"कोणी नाही. मनानेच लिहिलं. तलावात दुसरं काय होणार दादा? बुडणं लिहायचं जिवावर आलं."

दादाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आता मनानेच दुसरं लिही. दोन वाक्यं. हा अभ्यास होता, हे एक. असं काही घडलेलं नाही, हे दुसरं. उद्या पालकांना बोलावतो. शिकली आहेस ना?"

मसुदा दुसरा

"प्रसिद्ध झालेलं निवेदन हा एका विद्यार्थिनीचा अभ्यास होता. आमच्या तलावावर अशी कोणतीही घटना कधीही घडलेली नाही."

सुटसुटीत. मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते. दादाने वाचून तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. गोष्ट इथे संपली असती.

पण दुपारी एक बाई आली. हातात मुलीचा हात. मुलगी आठ-नऊ वर्षांची, छपराखालीसुद्धा काळा चष्मा. धाकटीने तिला ओळखलं. मधल्या रांगेतली, उडी मारताना नाक धरणारी. यायची बंद झाली होती.

धाकटीने शिव्या खायला मान खाली घातली.

"बरं केलंत," बाई म्हणाली.

"अं?"

"कबूल केलंत. मी घरी वाचून दाखवलं सगळ्यांना. हिचे बाबा म्हणायचे, तू उगाच संशय घेतेस."

धाकटीने सांगायला तोंड उघडलं, की ताई, ते खोटं आहे, गृहपाठ आहे. पण मुलगीच बोलू लागली, आणि मुलगी जे बोलली ते धाकटीच्या मसुद्यात कुठेच नव्हतं.

"पाणी झोंबत होतं. मी बाहेर आले. काकांनी मला मागच्या नळाखाली धरलं. खूप वेळ धरलं. म्हणाले, साबण गेलाय डोळ्यांत. घरी साबणच सांग."

"कोणते काका?"

"तलाववाले."

"डॉक्टरांनाही आम्ही साबणच सांगितलं," बाई म्हणाली. "त्यांनी त्याचंच औषध दिलं. अजून उजेड सोसत नाही तिला." मग पर्समध्ये काहीतरी चाचपत, अगदी साधेपणाने, "तुम्ही मला मेसेजही केला होता. 'आमची छोटी मासोळी कुठे हरवली? आम्ही वाट बघतोय!' मी उत्तर दिलं नाही. राग मानू नका."

तो मेसेज धाकटीचाच. जनसंपर्काच्या पहिल्या धड्यानंतर तिने न येणाऱ्या सगळ्यांना पाठवला होता. मासोळीपुढे मासोळीचं चित्रही होतं.

*

दादा यंत्रघरात होता. पाण्याचा पंप घरघरत होता, म्हणून तिला मोठ्याने विचारावं लागलं, आणि त्याला मोठ्याने सांगावं लागलं.

"दोनदा पडलं!"

"म्हणजे?"

"पंपवाला गावाला जाणार होता. जायच्या आधी पावडर टाकून गेला. मला वाटलं, विसरला. मीही टाकली. तो रोजच्यासारखा डबा उलटा ठेवून गेला नाही, म्हणून मला वाटलं. उलटा डबा म्हणजे टाकलं, अशी आमची खूण. एवढंच. पहिल्या तुकडीला झोंबलं. बाकीच्यांचं धुऊन गेलं. एकीचं जरा..."

"मी फळ्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' लिहिलं होतं तो दिवस?"

"मग काय लिहायला सांगणार होतो? 'या, आंधळे व्हा'?"

"साबण सांगितलंस तू तिला."

"तलाव बंद पडला असता धाकटे! पाणी बदललं, आठवडाभर झोपलो नाही. अजूनही रोज दोनदा तपासतो. ते धरायचं नाही का काही?" तो पंपावर हात टेकून उभा राहिला. "उद्या दोन वाक्यं वाचतो आणि विषय मिटवतो. तू फक्त कागद छापून आण. पुढचं माझ्याकडे लागलं."

मसुदा तिसरा

"प्रसिद्ध झालेलं निवेदन हा एका विद्यार्थिनीचा अभ्यास होता.

मसुदा चौथा

"प्रसिद्ध झालेलं निवेदन

मसुदा पाचवा नाही. तिने तिसराच छापला.

*

पालक तलावाकाठी ओल्या फरशीवर उभे. कोणी चपला हातात घेतलेल्या. वहिनीने खुर्च्या मांडल्या होत्या, पण भांडायला आलेला माणूस बसत नाही. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. धाकटीच्या हातातून कागद घेताना तो हसला.

"प्रसिद्ध झालेलं निवेदन हा एका विद्यार्थिनीचा अभ्यास होता," त्याने खणखणीत वाचलं. "म्हणजे आमच्या बहिणीचा."

"म्हणजे गृहपाठ!" मागून एक बाप ओरडला आणि हशा पिकला. "अहो, आमची झोप उडवली तुमच्या गृहपाठाने! किती मार्क मिळाले?"

खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखे लोक इकडेतिकडे पाहू लागले. दादाची नजर कागदावर खाली गेली. तिथे काही नव्हतं. त्याने कागद उलटला. मागची बाजूही कोरी. हरकत नाही, दोनच वाक्यं होती, पाठ होती.

"आमच्या तलावावर अशी कोणतीही..."

"दादा, ते मी मुद्दाम काढलंय."

ती हे हळू म्हणाली. पण छपराखालचा तलाव म्हणजे भांडं. त्यात सांडलेलं सगळीकडे पोचतं.

"पोर आहे," दादा लोकांना म्हणाला. "घाबरली आहे."

"का काढलंय?" तोच बाप. आता हसत नव्हता.

धाकटीला उत्तर येत होतं. एक नाही, चार प्रकारे येत होतं. कोर्सभर तेच तर केलं होतं. पण ती दादाकडे बघत राहिली. सांगायचं ते त्याचं होतं. वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. मागे, दाराशी, काळ्या चष्म्याची मुलगी आईला चिकटून उभी होती. दादालाही ती आता दिसली.

तो बोलला तेव्हा एकही वाक्य धड नव्हतं. पंपवाला, मग डबा, मग परत पंपवाला. "दोनदा पडलं... मी टाकली दुसऱ्यांदा... ती तुकडी... ही मुलगी..." मध्येच त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. साबणाचं सांगताना आवाज इतका खाली गेला की पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. आरडाओरडा. लॉकरची दारं. कोणी फोन काढून चित्रण करत होतं, कोणी मुलांच्या टोप्या गोळा करत होतं. किल्ल्या काउंटरवर एकावर एक येऊन पडल्या. वहिनी धाकटीजवळून जाताना थांबली.

"कोर्समध्ये हेच शिकवलं का गं? स्वतःच्या घराला काडी लावायला?"

धाकटीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिलाही सांगता आलं नसतं.

शेवटी बाई तेवढी उरली. ती दादासमोर आली.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत? डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, नक्की काय गेलं डोळ्यांत."

दादाने धाकटीकडे पाहिलं. पोहता न येणारा माणूस काठाकडे बघतो तसं. तिच्याकडे वाक्य तयार होतं, गोल, गुळगुळीत, कोणालाही न टोचणारं. ती गप्प राहिली.

"भीती वाटली," दादा म्हणाला.

बाईने फोन काढला, डॉक्टरांचा नंबर लावला, आणि कानाला लावण्याआधी म्हणाली, "पावडरचा डबा आणा. वर जे लिहिलंय ते वाचून दाखवा. सगळं. सावकाश."