कापलेला कोपरा

घरातल्या फडक्यांचं खातं आजोबांकडे होतं. कुणी सोपवलं नव्हतं; बायको गेली आणि ते आपोआप त्यांच्या गळ्यात पडलं. उभी हयात ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवण्यात गेलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. पण फडकी त्यांना जमायची. दर रविवारी सोडा घातलेल्या पाण्यात भांडी पुसायची फडकी खळखळ उकळायची आणि गॅलरीतल्या उन्हात कडकडीत वाळवायची. "ओलं फडकं गोळा करून ठेवलंत तर जेवायला वाढणार नाही," असा बायकोचा दम होता. तो आजोबा अजून पाळत होते.

स्पंजचा नियमही तिचाच. पंधरा दिवस झाले की भांड्यांच्या स्पंजचा एक कोपरा कात्रीनं कापायचा. कोपरा गेला की त्याची बदली सिंक घासायला. आता हा नियम दोघांनाच ठाऊक होता: आजोबांना, आणि अकरा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. मुलानं जन्मात कधी कप विसळला नव्हता. सुनेला सांगायला हवं, असं आजोबांच्या मनात कितीदा तरी आलं. पण सकाळी ती घाईत, संध्याकाळी दमलेली. शिवाय तिला वाटायचं, म्हातारा लुडबुड करतो. राहून गेलं.

"आजोबा, तुमच्याकडे स्पंजसुद्धा रिटायर होतो," मावशी हसायच्या. "मलाच तेवढं कुणी करत नाही!"

घरात आजोबांशी हसून बोलणारं माणूस ते एकच.

आठ महिन्यांची नात उलट्या-जुलाबांनी मलूल झाली. तीन दिवस दवाखान्यात, इवल्याशा हाताला सलाइनची सुई. "दुधाची बाटली कशानं धुता?" डॉक्टरांनी विचारलं. सून घरी आली ती थेट सिंककडे गेली. बाटली तीच धुवायची, हाताला येईल त्या स्पंजनं. तिनं बुळबुळीत झालेला स्पंज दोन बोटांत उचलला. त्याला एक कोपरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मावशी दारात आल्या, तशी सुनेनं तो त्यांच्यासमोर धरला.

"असल्या घाणीनं भांडी घासता तुम्ही?"

"भांडी कशाला घाशीन, ताई? तो सिंकचा आहे. कोपरा कापलाय की त्याचा."

"कोपऱ्याचा काय संबंध?"

"कापला की सिंकचा. तुमच्या सासूबाईंची पद्धत. आजोबांना विचारा ना."

सगळे आजोबांकडे वळले. त्यांच्यापुढे वर्तमानपत्र उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण त्या 'हो'चा अर्थ, मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. त्यांना ती सुई दिसली.

"बाबा?" मुलगा म्हणाला.

"मला… नीटसं आठवत नाही."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "आठवलं की सांगा."

चपला घालून गेल्या त्या गेल्याच.

"अकरा वर्षं वावरली घरात, आणि तोंडावर खोटं बोलते," सून दिवसभर धुमसत होती.

चार रात्री आजोबांचा डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी जेवताना त्यांनी घसा खाकरला.

"ते कोपऱ्याचं… मावशी खरं बोलत होत्या. मीच कापायचो. तुला सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

सुनेचा हात ताटातच थांबला. ती रागावेल म्हणून आजोबा वाट बघत होते. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुम्हाला त्यांची दया येते, कळतं मला," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण म्हणून असं काहीतरी अंगावर घ्यायचं?"

"आणि नवीन बाई लागल्यात आता कामाला," मुलगा म्हणाला. "जेवा तुम्ही."

आजोबांचं खोटं एका शब्दात पटलं होतं. खरं मात्र त्यांना पटवता येईना.

रविवारी त्यांनी पातेल्यात पाणी चढवलं, सोडा घातला. पंधरा दिवस झालेला भांड्यांचा स्पंज घेऊन ते कात्री शोधू लागले. नवीन बाई लगबगीनं आत आल्या.

"राहू द्या, आजोबा. ताईंनी बजावलंय, त्यांना इथं काही करू देऊ नका म्हणून." त्या जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "तुम्हाला हल्ली आठवत नाही ना?"

त्यांनी आजोबांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि पाण्याखालचा गॅस बंद केला.