जांभईचा हात

जांभई आली की हिरालालचा उजवा हात उठतो. आधी खांदा किंचित सरकतो, मग कोपर दुमडतं, वळलेली मूठ चादरीवरून चार बोटं वर येते आणि जांभई संपली की आपल्याच वजनाने खाली पडते. एरवी तो हात हलत नाही. हलवा म्हटलं तरी नाही, टाचणी टोचली तरी नाही.

नीलिमाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्यांदा तिने हातावरची नजर काढून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. जांभई मेंदूच्या खालच्या, फार जुन्या भागातून निघते आणि लकवा मारलेल्या हातालाही कधीकधी सोबत ओढते, माणसाच्या इच्छेचा त्यात काही वाटा नसतो, हे तिने शोधून वाचलं. व्यायाम करून घ्यायला मोनाली यायची, तिलाही विचारलं. मोनाली घरची मराठीच, पण उत्तर हिंदीत द्यायची. "हां दीदी, होता है ऐसा. इसको हम लोग मूव्हमेंट नहीं गिनते."

या घरात हा शब्द नवा नव्हता. हिरालाल रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात होते. कोळशाच्या मालगाड्या कुठे अडल्या, कुठून सुटल्या, ती त्यांची दिवसाची मूव्हमेंट. संध्याकाळी गुढियारीतल्या त्यांच्या घरी माणसं जमायची, निळे झेंडे आणि पत्रकांचे गठ्ठे भिंतीला टेकलेले असायचे, ती दुसरी मूव्हमेंट. नीलिमाची आई मीराबाई हयात होती तोवर तिच्यासाठी मूव्हमेंट म्हणजे पातेलंभर चहा. आता रोज सकाळी डॉक्टर फोनवर विचारायचे, मूव्हमेंट झाली का, आणि त्यांना फक्त पोट साफ झालं की नाही एवढंच हवं असायचं.

हिरालालच्या लोकांत एक रीत होती. घरामागे एक माणूस मूव्हमेंटला द्यायचा आणि तसं विहारात सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ज्या वर्षी नीलिमाला हैदराबादला संशोधनासाठी जागा मिळाली, त्याच वर्षी धाकटा बुद्धभूषण इंजिनिअरिंगला पुण्याला निघाला. एका रविवारी वंदना आटोपल्यावर हिरालाल उठले आणि म्हणाले, "माह्या घरून नीलिमा." बायकांच्या बाजूला बसलेल्या नीलिमाने ते बाकीच्यांबरोबरच पहिल्यांदा ऐकलं. टाळ्या पडल्या. इतरांनी पोरं दिली होती, हिरालालनी पोरगी दिली म्हणून त्यांचं कौतुक जरा जास्तच झालं. हैदराबादची जागा नीलिमाने सोडली.

पुढे पोरींना शिकवा, बाहेर पाठवा, असं ते गावोगाव सांगत राहिले. खुर्च्या लावायला, माइक तपासायला नीलिमा असायची. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरींची संध्याकाळची शिकवणीही तीच घ्यायची. त्यातल्या काही दिल्ली-बंगलोरला गेल्या. ती शिकवणी तिला मनापासून आवडायची, म्हणून तर तक्रार कुठून सुरू करावी हे तिला कधी कळलं नाही.

लकवा मारल्यानंतर हिरालालकडे एकच शब्द उरला, 'हव', म्हणजे हो. कशालाही हव. बुद्धभूषण पुण्याहून येऊन गेला आणि त्याने ठरवून टाकलं, "ताई, दिवाळीपर्यंत पाहू. हातात काही मूव्हमेंट आली तर इथंच राहू दे, सुधारणाऱ्या माणसाची जागा कशाला बदलायची? नाही आली तर मी पुण्याला नेतो." दिवाळी होऊन गेली होती. नीलिमाला जगदलपूरच्या कॉलेजात बढती मिळाली होती. ती तिने याआधी एकदा नाकारली होती, आता नाकारली तर पुन्हा विचारणार नव्हते. होकार-नकार सोमवारी कळवायचा होता. बुद्धभूषणला तिने अजून काही सांगितलं नव्हतं.

रविवारी गौतम खोब्रागडे दोघा कार्यकर्त्यांना घेऊन आले. हिरालालचे जुने सोबती, नीलिमा त्यांना काका म्हणायची. हिरालालच्या सत्काराचं आमंत्रण होतं. पलंगाशी खुर्ची ओढून ते बोलू लागले. आमंत्रणाचं भाषण झालं, भाषणात जुन्या मोर्च्यांच्या आठवणी आल्या. कार्यकर्त्यांचा चहा निवला. काकांचं चालूच होतं, तोच पलंगावरची मूठ वर आली.

"जय भीम घातला!" काका ओरडले. "पाह्यलं का रे? हिरालालनं जय भीम घातला!"

एका कार्यकर्त्याचा फोन आधीपासून चालूच होता. त्याने चित्रण ग्रुपवर टाकलं. चहाचे कप उचलले न उचलले तोच पुण्याहून फोन आला. काका म्हणाले, "आवाज मोठा कर, आमालेही ऐकू दे."

"ताई, हात उचलला ना बाबांनी! मी म्हटलंच होतं. आता त्यांना तिथून हलवायचं नाही. तुझ्याच हाताला यश आहे."

"तुह्याच सेवेचं फळ हाय पोरी," काका म्हणाले. "आता स्टेजवर खुर्चीत बसवू याले. माइकवर नाव घेतलं का हात वर!"

नीलिमाने फोन उशीपाशी ठेवला. "काका, तुमी केव्हाचे बोलून राहिले होते?"

"काहून व?"

"बाबाले जांभई आली. जांभई आली का तो हात उठते. रोजच उठते."

एक कार्यकर्ता फस्सकन हसला. काकांचा चेहरा उतरला. "तू सायन्सवाली. तुले सगळी मशीनच दिसते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अन् असली जांभई तर असू दे ना. सांगाचं काहून? लोकायले बळ येते."

"बळ लोकायले येते. इथं कोणाले राहा लागते?"

"तुले दिलं ना बापानं मूव्हमेंटले!"

नीलिमा पलंगावर टेकली. "बाबा, विहारात माह्यं नाव घेतलं, तवा मले इचारलं होतं का?"

"हव," हिरालाल म्हणाले.

"पाह्य," काका म्हणाले. "हव म्हणते."

"लकव्यानं बरं वाटून राहिलं का, इचारा. त्यालेही हव म्हणते."

फोनमधून बुद्धभूषणचा आवाज आला, "ताई? काय चाललंय तिथं?"

हिरालालनी पुन्हा जांभई दिली. मूठ चार बोटं वर आली. या वेळी सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. मूठ पडायच्या आत नीलिमाने ती आपल्या तळहातावर झेलली आणि चादरीवर ठेवली.

"भूषण, दिवाळी होऊन गेली. हातात काही आलं नाही, ती जांभई होती. मी जगदलपूरले चालली. बाबाले तू घेऊन जा."